उतरणारं पाणी, चढणारे पाय

त्र्यंबकेश्वरच्या मागे ब्रह्मगिरी उभा आहे. आषाढात त्याच्या पायऱ्या चढून माथ्यावर पोचलं, की ढग अंगाला चिकटतात आणि दहा हातांपलीकडचं काही दिसत नाही. सह्याद्रीची मुख्य धार या डोंगररांगेतून जाते. पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब गोदावरीचा होतो. त्याच्यापुढे १,४६५ किलोमीटरची वाट असते. नाशिक, पैठण, नांदेड मागे टाकत, तेलंगणा ओलांडून तो आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. तिथून थोड्याच अंतरावर, पण पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब वैतरणेकडे जातो. वाटेत एखाद्या धरणात अडला तर मुंबईच्या नळातून बाहेर पडतो, नाही तर दीडशेएक किलोमीटर धावून अरबी समुद्रात जातो. ब्रह्मगिरीपासून हा समुद्र सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच आहे. म्हणजे गोदावरी समुद्राकडे पाठ करून निघते आणि अख्खा दख्खन पार करून दुसऱ्या समुद्राला भेटते.

दोन्ही थेंबांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे ते खाली जातात. आणि दोन्ही कधी ना कधी वर परत येतात. वाफ झालेलं पाणी हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहतं, मग कुठेतरी पाऊस होऊन पडतं. समुद्रात गेलेल्या थेंबाला मात्र पुन्हा वाफ व्हायला सरासरी तीन हजार वर्षं लागतात. काही थेंब पृष्ठभागावरून दुसऱ्या दिवशीच उडतात, काही खोल अंधारात हजारो वर्षं फिरत राहतात. उशीर कितीही होवो, पाण्याला वर चढवणारा धनी पक्का आहे: सूर्य. तो मजुरी मागत नाही आणि कंटाळतही नाही.

या प्रकरणाचा सगळा भार पुढच्या एका वाक्यावर आहे. सूर्य समुद्रातून उचलतो ते फक्त पाणी. त्या पाण्याने डोंगरावरून, शेतातून, गावातून जे जे वाहून नेलं होतं, ते जवळपास सगळं खालीच राहतं.

पावसाचं वाटप नाशिक जिल्ह्याइतकं ठळकपणे फार थोड्या ठिकाणी दिसतं. घाटमाथ्यावर इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पंचेचाळीस किलोमीटरवर नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो. आणखी पूर्वेला सिन्नर, येवल्याकडे पाचशेच्या घरात. ढग तेच, वाराही तोच. डोंगर चढताना हवा थंड होते आणि ओझं टाकते, उतरताना ती तापते आणि कोरडी पडते. म्हणून एकाच जिल्ह्यात पश्चिमेला गुडघाभर चिखलात भात लावतात आणि पूर्वेला मृग कोरडा गेला की टँकरची चौकशी सुरू होते.

आता थेंब खडकाशी काय करतो ते पाहू. पावसाचं पाणी हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून आणतं, त्यामुळे ते किंचित आंबट असतं. सोड्याच्या बाटलीतलं पाणी ज्या कारणाने जिभेला चावतं त्याच कारणाने, फक्त फार फार सौम्य. हे सौम्य आम्ल ब्रह्मगिरीच्या काळ्या पत्थरावर लाखो वर्षं ठिबकत आलं आहे. हा पत्थर म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा. त्यात चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर आहे, स्फुरद अगदी थोडं. पाणी हा खडक कुजवतं. हो, शेतकरी खडकालाही ‘कुजका’ म्हणतो आणि ते अचूक आहे. आधी मुरूम होतो, मग माती. ओली असताना फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी निफाडची काळी जमीन हे या कुजण्याचंच फळ. तिच्यातल्या चिकणमातीचे कण चुना, मॅग्नेशियम, पालाश धरून ठेवतात, मुळांनी मागितलं की सोडतात.

या कुजण्यात एक मोठी उलाढाल दडलेली आहे. पावसाबरोबर उतरलेला कार्बन खडकातल्या चुन्याशी जोडी जमवून नदीतून समुद्रात जातो. तिथे शंख-शिंपले आणि सूक्ष्म जीव त्याची कवचं करतात, आणि ती कवचं तळाशी बसून चुनखडक होतो. हवेतला कार्बन असा दगडात बंद होतो. बेसाल्ट इतर बऱ्याच खडकांपेक्षा लवकर कुजतो, म्हणून दख्खनसारखी पठारं पृथ्वीच्या हवामानावर फार सावकाश पण खरा परिणाम करत आली आहेत. त्र्यंबकच्या धबधब्याखाली उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, आपण एक कारखाना चालू असताना पाहतो आहोत. त्याची पाळी काही कोटी वर्षांची आहे, एवढंच.

कार्बनला परतीची वाट आहे. ज्वालामुखी, श्वास, कुजणं, जळणं, सगळ्यांतून तो हवेत येतो. नत्रालाही आहे. गंधकालाही आहे. या तिघांना वायूचं रूप घेता येतं, म्हणजे पंख आहेत. स्फुरद, पालाश, चुना यांना पंख नाहीत. ते फक्त उतारावरून घरंगळतात. वर जायचं तर कुणाच्या तरी पायांनी.

नाशिकच्या पश्चिमेकडच्या आदिवासी शेतकऱ्याला हा फरक रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी हाताने कळलेला आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात उन्हाळ्यात राब भाजतात. भाताचं, नागलीचं, वरईचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचतात, वरून थोडी माती टाकतात आणि वाऱ्याचा रोख पाहून पेटवतात. आग धुमसत राहते. वाढलं असतं ते तण आतच मरतं. उरते ती राख.

आगीत काय गेलं आणि काय राहिलं? शेणापाल्यातलं बरंचसं नत्र आणि कार्बन धुराबरोबर गेलं. स्फुरद, पालाश आणि चुना राखेत राहिला. शिवाय माती तापल्यामुळे तिच्यातलंच थोडं नत्र रोपाला लगेच घेता येईल अशा रूपात मोकळं झालं. तीन हजार मिलिमीटर पाऊस ज्या उतारावर कोसळतो तिथे मातीत विरघळणारं काहीच फार काळ टिकत नाही. अशा ठिकाणी रोपाच्या पहिल्या काही आठवड्यांची शिदोरी एका जागी गोळा करायची ही युक्ती आहे. तिची किंमतही आहे. डहाळ्या दरवर्षी त्याच झाडांच्या तोडल्या जातात, आणि माणसं वाढली, जंगल आटलं तसा राबाचा भार उरलेल्या झाडांवर येतो. पण डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन रानातून शेताकडे येणाऱ्या बाया पाहिल्या, की या प्रकरणाचं नाव समोरून चालत येतं. झाडाने खोल मुळांनी खडकातून वर ओढलेलं स्फुरद पुढचा प्रवास त्यांच्या डोक्यावरून करतं.

नत्राची गोष्ट वेगळी. हवेत १०० पैकी ७८ भाग नत्रच आहे, आणि तरीही पीक नत्रावाचून पिवळं पडतं. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की झाडाला ते सोडवता येत नाहीत. वळवाच्या पावसातली वीज ते थोडं सोडवते. बाकीचं काम जिवाणूंचं. हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं रोप अलगद उपटून मुळं धुतली तर बारीक गाठी दिसतात. एक गाठ नखाने फोडून पाहा, आतून गुलाबी असेल तर ती कामावर आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका द्रव्याचा. जिवाणूला प्राणवायू हवा तेवढाच मिळावा म्हणून झाड तो बनवतं. १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल यांनी या गाठींचं काम सिद्ध करून दाखवलं, पण हरभऱ्यानंतरचं पीक जोमदार येतं हे कळायला आपल्याकडच्या कुणब्याला त्यासाठी थांबावं लागलं नव्हतं. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये त्याचा कारखाना निघाला, आणि नत्र गोणीत आलं. आज ढोबळमानाने जगातल्या निम्म्या माणसांचं अन्न या एका प्रक्रियेवर उभं आहे.

इथून लासलगावला जाऊ. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाणारी बाजारपेठ. लिलाव उरकले की ट्रक भरतात आणि दिल्ली, कोलकाता किंवा बंदराची वाट धरतात. दहा टन कांदा घेतलेल्या एका ट्रकचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. कांद्याच्या घटकांचे आकडे सर्वमान्य आहेत, गुणाकार माझा. या दहा टनांत जवळजवळ नऊ टन पाणीच आहे. म्हणजे दुष्काळी तालुक्यांच्या जिल्ह्यातून पाण्याचे टँकरच बाहेर जातात. पण त्याचं मला तितकंसं वाटत नाही, पाणी आज ना उद्या ढगातून परत येणार आहे. उरलेल्यात साधारण १७ ते १८ किलो नत्र आहे, युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत असतं त्याहून थोडंच कमी. पालाश सुमारे १५ किलो. आणि स्फुरद जेमतेम तीन किलो.

हे तीन किलो मला अस्वस्थ करतात. नत्राला हवेतून परत यायची वाट आहे. स्फुरद दिल्लीच्या ताटात गेलं ते तिथल्या गटारातून यमुनेला गेलं. निफाडच्या मातीत ते परत घालायचं तर डीएपीची किंवा सुपर फॉस्फेटची गोणी आणावी लागते, आणि त्या गोणीतलं स्फुरद बहुतांशी परदेशातून येतं. जगातले सर्वांत मोठे साठे मोरोक्कोत आहेत. तो खडक म्हणजे सात ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे, त्यात माशांची हाडं आणि शार्कचे दात आजही सापडतात. सह्याद्रीत लाव्हा पसरत होता त्याच सुमाराला मोरोक्कोच्या उथळ समुद्रात हे जीव मरून तळाशी बसत होते. भूकवचाच्या हालचालीने तो तळ वर उचलला गेला, म्हणून आपल्याला तो खणता येतो. समुद्रात गेलेलं स्फुरद जमिनीवर परत येतं ते असं, कोट्यवधी वर्षांनी. आणि शेतात टाकल्यावरही ते पिकाला सहज मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत चुना त्याला जखडतो. म्हणून द्राक्षबागायतदार पान-देठ परीक्षण करून घेतो आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बाटली ठिबकमधून सोडतो. पूर्वी छाटणीच्या काड्या बांधावर जाळून टाकत, आता बरेच जण त्या बारीक करून ओळीतच पसरतात. बागेतलं बागेत ठेवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गंधकाबद्दल मात्र चार ओळी अधिक लिहायलाच हव्यात, कारण कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारं द्रव्य गंधकाचं असतं. लासलगावच्या कांद्याचा तिखटपणा मातीतल्या गंधकावर पोसलेला आहे. समुद्रात गेलेलं गंधक अडकून पडत नाही. सागरातल्या सूक्ष्म वनस्पती गंधकाचा एक उडणारा वायू सोडतात, खाऱ्या वाऱ्याच्या वासात त्याचा वाटा असतो. जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ या जहाजावरून प्रवास करताना तो वायू समुद्रावर सर्वत्र असल्याचं मोजून दाखवलं. हवेत त्याचे बारीक कण होतात, त्यांच्याभोवती ढगाचे थेंब जमतात, आणि पावसाबरोबर थोडं गंधक जमिनीवर परत येतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या डोळ्यांतल्या पाण्यामागे अरबी समुद्राचाही थोडा हात असू शकतो.

बाजारातून बाहेर गेलेल्याचा हिशेब झाला. शहरात आत आलेल्याचं काय होतं? २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या पंधरा लाखांच्या जवळ होती. एक माणूस दिवसाला एक ते दीड ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर टाकतो. गुणाकार केला तर शहरातून रोज दीड ते सव्वादोन टन स्फुरद मलमूत्रावाटे निघतं. कांद्याच्या भाषेत सांगायचं तर पाचशेहून अधिक ट्रकांतलं स्फुरद, रोज. तपोवन, आगर टाकळी इथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. पण नेहमीच्या पद्धतीच्या प्रक्रियेत सडणारी घाण कमी होते, विरघळलेलं नत्र आणि स्फुरद मात्र बऱ्याच प्रमाणात पुढे नदीतच जातं. मग नाशिकच्या खाली गोदावरी हिरवीगार होते. पाणवेलींनी पात्र असं झाकून जातं, की पाणी आहे की पटांगण ते कळू नये. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पोसलेल्या पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. ती मेली की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे तळमळतात. पाणवेल काढण्यावर दरवर्षी खर्च होतो, आणि काढलेली वेल काठावर पडून राहिली तर पहिल्या पुराबरोबर तिचा रस पुन्हा नदीत उतरतो. ही वेल म्हणजे शेतातून निघून वाट चुकलेलं खत आहे. कुजवून, तिच्यात जड धातू नाहीत ना हे तपासून, ते शेतात न्यायला हवं. नदीकाठच्या प्रत्येक गावाने याचा आग्रह धरावा असं मला मनापासून वाटतं.

याच नदीवर शहरातच रामकुंड आहे. देशभरातून लोक तिथे अस्थी घेऊन येतात. कुंडात अस्थी विरून जातात अशी श्रद्धा आहे, त्या जागेचं नावच अस्थिविलय तीर्थ. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण सातशे ग्रॅम स्फुरद असतं, त्यातलं बहुतेक हाडांत आणि दातांत. चितेत जे होतं ते राबात होतं तेच: नत्र आणि कार्बन आकाशात जातात, चुना आणि स्फुरद मागे राहतं. ओंजळीतून आपण नदीला देतो ते हेच. माझ्या घरच्यांच्या अस्थी घेऊन मी त्या पायऱ्यांवर उभा राहिलो आहे. तेव्हा हे गणित डोक्यात नव्हतं, आणि नंतर कळल्यावरही त्या क्षणाचं काही कमी झालं नाही.

नाशिकच्या खाली निफाड तालुक्यात कादवा गोदावरीला मिळते, तिथे १९०७ ते १९११ या काळात नांदूरमध्यमेश्वरचा दगडी बंधारा बांधला. पाणी अडलं, वेग मंदावला, वरून आलेली माती तिथे बसत गेली. गाळाने उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणगवत उगवलं आणि पक्षी उतरू लागले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान याच जागेला मिळाला. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूने पहाटे गेलं तर उत्तरेकडून आलेली बदकं आणि क्रौंच दिसतात. क्रौंच दिवसा आसपासच्या हरभऱ्यात, गव्हात चरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. पाण्यात मासे टिपणारे बगळे आणि ढोकरी काठच्या झाडांवर बसतात, त्या झाडांखालची जमीन विष्ठेने पांढरी होते. पाण्यात उतरलेलं स्फुरद असं पुन्हा कोरड्यावर येतं, थेंबाथेंबाने.

समुद्राच्या टोकाला हेच काम मासे करतात. आंध्रात ज्याला पुलसा म्हणतात तो हिलसा मासा पावसाळ्यात अंडी घालायला समुद्रातून गोदावरीत वर चढतो. १८५२ मध्ये आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमला बांध पुरा केला, तेव्हापासून त्याची वर चढायची वाट तिथेच अडते.

आणि पठारावर मेंढ्या. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे गावोगाव फिरू लागतात. शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन आपल्या रानात मेंढ्या बसवतो. दिवसभर माळावर, ओढ्याकाठी, बांधावर चरलेला कळप रात्री एका वावरात आणून सोडतात. लेंड्या आणि मूत्र तिथेच पडतं, खुरांनी जमिनीत तुडवलं जातं. चार पायांवर चालत आलेलं हे खत चढावरही जातं, ज्या वावराला बैलगाडीचा रस्ता नाही तिथेही पोचतं.

गंगापूर धरण १९६५ मध्ये झालं. नाशिकची तहान मुख्यत्वे त्यावर भागते. बांधलं तेव्हा त्यात सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट पाणी मावत होतं, आता सुमारे ५,६०० मावतं. मधली जागा गाळाने घेतली आहे. तो गाळ म्हणजे त्र्यंबकच्या उतारांवरची माती, तिच्यात राबाची राखही असणार. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, पण धरणातला, पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात शेतात ओढण्याची रीत तिच्याही आधीची.

मे महिन्यात तलाव आटला की तळाशी जेसीबी उतरतो आणि ट्रॅक्टरची रांग लागते. ओला गाळ काळा, लोण्यासारखा असतो, उन्हात त्याची ढेकळं होतात. ट्रॉली कण्हत चढ चढते आणि एका मुरमाड वावरात रिकामी होते, जिथे आजवर बाजरीही धड आली नाही. जाणता शेतकरी गाळ पसरण्याआधी खालच्या बाजूचा बांध उंच करून घेतो आणि त्याला दगडाची ताल लावतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, की तो घोंगडं घेऊन बांधावर जातो आणि सांडव्यातून बाहेर पडणारं पाणी गढूळ आहे की नितळ, ते वाकून पाहतो.